मेंढ्या वळणाऱ्या जातीचं पिल्लू घरासाठी: आईबाप निवडताना काय बघायचं?

कळपवाट

बॉर्डर कोली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड, शेल्टी, कॉर्गी, जर्मन शेफर्ड यांच्याबद्दल इथे अधूनमधून विचारणा होते. बहुतेकांचा प्रश्न 'कुठली जात घेऊ?' असा असतो. मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. ज्या जोडीची पिल्लं होणार, ती जोडी कोणी निवडली आणि कशाच्या आधारावर? मी बरीच वर्षं बॉर्डर कोली आणि शेल्टी सांभाळते आहे, मोजकी वीणही घेते. ज्यांना पिल्लू घ्यायचंय आणि ज्यांच्या मनात आपल्या कुत्रीची वीण घ्यायचा विचार आहे, त्या दोघांसाठी हा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. माणसांच्या घरात राहणाऱ्या कुत्र्यासाठी जोड लावायची तर पहिला निकष स्वभाव, आणि स्वभावातही सगळ्यात वर शांत होता येणं. आरोग्याच्या तपासण्या ही त्याच्याही आधीची अट. तिथे नापास झालेला कुत्रा कितीही लाघवी असला तरी त्याचा विचारच करायचा नाही. पण नुसती रिपोर्टांची फाइल पुढे करून 'आमची लाइन हेल्दी आहे' म्हणणाऱ्याने निम्मंच काम केलेलं असतं.

या कुत्र्यांचं मूळ काम बघा. लांडग्याच्या शिकारीत ठरलेल्या पायऱ्या असतात: नजर रोखणं, दबकत जाणं, पाठलाग, चावा आणि शेवटी मारणं. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून सुरुवातीच्या पायऱ्या ठळक केल्या आणि शेवटच्या दाबून टाकल्या. बॉर्डर कोली नुसत्या नजरेने मेंढी हलवते. कॉर्गी आणि कॅटल डॉग गुरांच्या टाचेला दात लावून त्यांना पुढे काढतात. घरात मेंढ्या नसतात. पळणारी मुलं असतात, सायकली असतात, भिंतीवर हलणारा कवडसा असतो. ओढ तीच राहते, फक्त तिचं लक्ष्य बदलतं. ज्या कुत्र्याला ही ओढ आवरता येते आणि काम नसताना कोपऱ्यात आडवं होता येतं, तो घरात सुखाने राहतो. ज्याला ते जमत नाही तो स्वतः त्रासात असतो आणि घरालाही त्रास होतो. कवडशामागे तासन्‌तास धावणारी कुत्री बघितलेल्यांना मी काय म्हणते ते कळेल.

शांतपणाची ही निवड नवी नाही. आजच्या जवळजवळ सगळ्या बॉर्डर कोलींच्या वंशावळी ओल्ड हेम्प या एका कुत्र्यापाशी पोहोचतात. तो १८९३ मध्ये इंग्लंडमधल्या नॉर्थम्बरलंडला अॅडम टेल्फरकडे जन्मला. त्याचा बाप रॉय मनमिळाऊ, पण नजरेत फारसा जोर नसलेला. आई मेग जबरदस्त नजरेची, पण बुजरी. टेल्फरने ही दोन टोकं जुळवली आणि त्यातून निघाला तो गाजावाजा न करता काम करणारा कुत्रा, ज्याच्यापुढे मेंढ्या बिथरत नसत. जोड लावताना दोन प्राण्यांच्या स्वभावाचा असा एकत्र विचार करायचा असतो. 'दोघेही दिसायला सुंदर' हा विचार तिथे अपुरा पडतो.

आता तपासण्या. नितंबाच्या सांध्याचा एक्स-रे सगळ्याच मध्यम आणि मोठ्या जातींना हवा. अमेरिकेतली ओएफए ही संस्था १९६६ पासून हे काम करते आणि अंतिम श्रेणी कुत्रा २४ महिन्यांचा झाल्यावरच देते. पेनहिप या एक्स-रेच्या दुसऱ्या पद्धतीने सांध्याचा सैलपणा १६ आठवड्यांपासून मोजता येतो. जर्मन शेफर्डला कोपराचाही एक्स-रे. डोळे नेत्रतज्ज्ञ व्हेटकडून, दरवर्षी. मग जातीप्रमाणे डीएनए चाचण्या. कोली, शेल्टी, बॉर्डर कोली आणि ऑस्ट्रेलियन शेफर्डला कोली आय अॅनॉमली म्हणजे सीईए, हा डोळ्याच्या आतल्या भागाचा जन्मजात दोष. बॉर्डर कोलीला टीएनएस आणि सीएल. यातल्या टीएनएसची पिल्लं लहानपणीच वारंवारच्या संसर्गाने जातात. सीएल झालेला कुत्रा दीड-दोन वर्षांचा होईपर्यंत धडधाकट दिसतो आणि मग त्याचा मेंदू झिजायला लागतो. ऑस्ट्रेलियन शेफर्डला मोतीबिंदूशी जोडलेलं एचएसएफ४. कॉर्गी आणि जर्मन शेफर्डला डीएम, ज्यात उतारवयात मागचे पाय हळूहळू लुळे पडतात. आणि एमडीआर१ जवळपास सगळ्यांनाच. हा जनुक सदोष असला की काही औषधं कुत्र्याला बाधतात.

यादी मोठी वाटते, पण डीएनए चाचणी आयुष्यात एकदाच करायची असते. गालाच्या आतून काडी फिरवली की झालं.

निळाडोळा

फार उपयोगी धागा. माझ्याकडे ऑस्ट्रेलियन शेफर्ड मादी आहे, तीन वर्षांची. एमडीआर१ चा रिपोर्ट 'एक प्रत सदोष' असा आला आहे. बाकी डोळे, नितंब, स्वभाव सगळं उत्तम. एका ओळखीच्यांनी सांगितलं की हिची वीण अजिबात घेऊ नका, दोष पसरेल. दुसरे म्हणतात काही फरक पडत नाही. खरं काय?

कळपवाट

निळाडोळा, दोघांचंही बरोबर नाही. तुमची मादी एकच सदोष प्रत वाहते. तिची जोड दोन्ही प्रती निर्दोष असलेल्या नराशी लावली तर सरासरी निम्मी पिल्लं पूर्ण निर्दोष आणि निम्मी तिच्यासारखी होतील. दोन्ही प्रती सदोष असलेलं पिल्लू त्या जोडीतून होणार नाही. त्यातलं निर्दोष आणि स्वभावाने चांगलं पिल्लू पुढच्या पिढीसाठी ठेवलं की दोष मागे पडला आणि बाकीचे चांगले गुण टिकले.

ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये साधारण निम्म्या कुत्र्यांत आणि लांब केसांच्या कोलीत जवळपास ७० टक्क्यांत हा दोष किमान एका प्रतीत सापडतो. इतक्या सगळ्यांना एका फटक्यात बाद केलं तर उरतील ती थोडी कुत्री. त्यांची आपापसात जोड लागत राहील आणि आज कोणाला माहीत नसलेले दुसरेच दोष वर येतील. जनुकांची विविधता एकदा गेली की ती त्या जातीत आपोआप परत येत नाही. म्हणून वाहक कुत्रा घ्यायचा, पण जोड निर्दोषाशीच लावायची, आणि पिल्लं देताना प्रत्येकाचा रिपोर्ट सोबत द्यायचा.

स्टेथोस्कोप

मी व्हेट आहे. कळपवाट यांनी वीण घेण्याची बाजू सांगितली, मी औषधांची सांगतो.

मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत एक प्रथिन काही औषधांना मेंदूतून परत बाहेर ढकलत असतं. एमडीआर१ सदोष असेल तर तो पंप चालत नाही आणि औषध मेंदूत साचतं. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत २००१ मध्ये हा जनुकदोष सापडला. त्याआधी आयव्हरमेक्टिन दिल्यावर कोली का कोसळतात याचा उलगडा होत नव्हता. लक्षणं म्हणजे तोल जाणं, लाळ गळणं, बाहुल्या मोठ्या होणं, दिसेनासं होणं, झटके, कोमा.

एक गैरसमज दूर करतो. हृदयातल्या जंतांसाठी महिन्याला देतात त्या गोळीतलं आयव्हरमेक्टिन फार कमी असतं. लेबलवर दिलेल्या मात्रेत ते या कुत्र्यांनाही चालतं. धोका असतो तो खरजेसाठी देतात त्या कितीतरी पट मोठ्या मात्रेत. गुरांसाठीचं औषध अंदाजाने मोजून दिलं तर त्याहून जास्त. आणि शेतावर जाणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. नुकतंच जंताचं औषध दिलेल्या घोड्याची लीद किंवा मेंढ्यांच्या लेंड्या खाऊनही विषबाधा होते. औषध दिल्यानंतर काही दिवस कुत्र्याला त्या कुरणात सोडू नका.

जुलाबासाठी माणसं घेतात ते लोपेरामाइड या कुत्र्यांना घरच्या घरी कधीही देऊ नका. भुलीआधी दिली जाणारी असेप्रोमाझिन आणि ब्युटॉर्फेनॉल यांची मात्रा कमी करावी लागते. कॅन्सरवरच्या व्हिन्क्रिस्टिन आणि डॉक्सोरुबिसिनचंही तसंच. निळाडोळा, तुमच्या मादीत एकच प्रत सदोष असली तरी तिच्या फाइलवर पहिल्याच पानावर हे लिहून घ्या. अपघात झाला तर रात्री वेगळाच डॉक्टर समोर असेल.

खुरखुर

मला रंगाबद्दल विचारायचंय. आमच्याकडे ब्लू मर्ल म्हणजे राखाडीवर काळे ठिपके असलेला शेल्टी नर आहे, मित्राकडे ब्लू मर्ल मादी. दोघांची जोड लावली तर सगळी पिल्लं ठिपक्याठिपक्यांची येतील असं मित्र म्हणतो. मागणीही भरपूर आहे.

मुकीहाक

खुरखुर, कृपा करून ही जोड लावू नका.

माझ्याकडे अशाच जोडीतून झालेली कुत्री आहे. कोणीतरी सोडून दिलेली, मी दत्तक घेतली. जवळजवळ पूर्ण पांढरी आहे. तिला ऐकू येत नाही. एक डोळा इतका बारीक की खोबणीत जेमतेम दिसतो, दुसऱ्याने उजेड आणि सावली एवढंच कळतं. झोपेतून उठवायचं तर मी आधी तिच्या नाकाजवळ हात धरते, वास गेला की मग खांद्यावर दोन बोटं टेकवते. थेट हात लावला तर ती दचकून हवेत तोंड मारते, आणि ते साहजिक आहे. घरातलं टेबल हलवलं तर दोन-तीन दिवस ती भिंतीला अंग घासत चालते. पायावर दोनदा थोपटलं की बाहेर जायचं, हे तिला कळतं. छातीवर तळवा ठेवला की थांबायचं, हेही.

ती आनंदी आहे. माझं तिच्यावर जिवापाड प्रेम आहे. पण वळणारं कुत्रं जगाशी ज्या डोळ्या-कानांनी जोडलेलं असतं, तेच तिच्याकडून काढून घेतलं गेलं, आणि तेही रंगासाठी. आधी कळलं असतं तर टाळता येण्यासारखं होतं.

कळपवाट

मुकीहाक, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

खुरखुर, हिशोब असा. मर्ल रंग एका जनुकाच्या एका बदललेल्या प्रतीमुळे येतो. दोन मर्लची जोड लावली तर प्रत्येक पिल्लाला दोन्ही प्रती मिळण्याची शक्यता चारात एक. असं पिल्लू बहुतेक पांढरं असतं आणि त्याला बहिरेपणाचा, डोळे नीट न घडण्याचा मोठा धोका असतो. आणि 'सगळी पिल्लं ठिपक्यांची' होतातच असंही नाही, सरासरी चौथा हिस्सा एकरंगीच निघतो. मर्लची जोड एकरंगी कुत्र्याशी लावली तर निम्मी पिल्लं मर्ल होतात आणि दुहेरी मर्लचा प्रश्न येत नाही.

पण 'एकरंगी' हे नुसतं डोळ्यांनी ठरवू नका. काही कुत्र्यांत मर्ल इतका फिका असतो की दिसत नाही, लाल आणि सेबल रंगाखाली तर सहज लपतो. घरात मर्लची वंशावळ असेल तर जोडीआधी डीएनए चाचणी करून घ्या. हा बदल नेमका कुठे आहे ते २००६ मध्ये सापडलंय, त्यामुळे आता अंदाजावर चालायचं कारण उरलेलं नाही.

जन्मतःच आखूड शेपटीचंही असंच आहे. ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि पेम्ब्रोक कॉर्गीत ते दिसतं. अशा दोघांची जोड लावू नये. दोन्ही प्रती मिळालेले गर्भ पोटातच जातात.

खुरखुर

मित्राला हा धागा दाखवला. जोड रद्द. त्याच्या मादीची मर्ल आणि सीईए चाचणी करायला टाकतोय. मुकीहाक, तुमच्या कुत्रीला माझ्याकडून कुरवाळा.

सावलीतलं झाड

मला मुळातच एक आक्षेप नोंदवायचाय. निवारे भरलेले आहेत. त्यात वळणाऱ्या जातींची वर्ष-दीड वर्षाची कुत्री असतात, 'मुलांच्या टाचा धरतो', 'घर उचकटतो' म्हणून सोडलेली. मी तिथे स्वयंसेवक म्हणून जाते, समोर बघते. अशा वेळी 'जबाबदारीने' नवी पिल्लं जन्माला घालणं हा शब्दांचा खेळ वाटतो. ज्याला कुत्रा हवाय त्याने तिथून घ्यावा.

कळपवाट

तुमचा आक्षेप रास्त आहे आणि ज्यांना जमेल त्यांनी निवाऱ्यातूनच घ्यावं असं मीही म्हणते. माझ्याकडे विचारायला आलेल्यांना मी कैकदा तिकडेच पाठवते. मोठा कुत्रा घेतला की त्याचा स्वभाव समोर दिसतो, ही फार मोठी सोय आहे.

पण निवाऱ्यात येणारी कुत्री कुठून येतात ते बघा. पिल्लू विकलं की संबंध संपला असं मानणाऱ्यांकडून. माझ्या मते जबाबदार वीण घेण्याची सगळ्यात पक्की कसोटी डीएनएच्याही पलीकडची आहे: ज्याने पिल्लू जन्माला घातलं, त्याने ते कुठल्याही वयात, कुठल्याही कारणाने परत घेतलं पाहिजे, आणि हे करारात लिहिलेलं पाहिजे. यामुळे विणींची संख्या आपोआप आटोक्यात राहते. परत आलेल्या सात कुत्र्यांना ठेवायला जागा नसेल तर सात पिल्लांची वीण घेता येत नाही. जोड लावण्याआधीच पुरेशी घरं नावानिशी ठरलेली हवीत. पिल्लं झाल्यावर जाहिरात द्यावी लागत असेल तर ती वीण घेण्याची वेळ चुकलेली आहे.

सावलीतलं झाड

परत घेण्याची अट सगळ्यांनी पाळली तर निवाऱ्याचं चित्र बदलेल, हे मान्य. पाळणारे थोडे आहेत हेही तितकंच खरं. आक्षेप कायम ठेवते, पण धाग्यातली बाकी माहिती निवाऱ्यातल्या आमच्या लोकांनाही उपयोगी आहे, विशेषतः एमडीआर१ ची. आमच्याकडे येणाऱ्या कोलीसदृश कुत्र्यांना औषध देताना हे विचारात घ्यायला सांगते.

उंबरठा

डॉक्टरांसाठी प्रश्न. घरातले मोठे म्हणतात, कुत्रीला एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, तिच्या तब्येतीला चांगलं असतं. आमची बॉर्डर कोली चौदा महिन्यांची आहे, दुसऱ्यांदा माजावर आली आहे.

स्टेथोस्कोप

याला वैद्यकीय आधार नाही. एकदा व्याल्याने गर्भाशयात पू होण्याच्या आजारापासून कायमचं संरक्षण मिळत नाही, आणि स्वभाव 'स्थिर' होतो असंही नाही. उलट बाळंतपणाचे धोके असतात: पिल्लू अडकणं, सिझेरियन, दूध पाजताना कॅल्शियम उतरून झटके येणं. आणि म्हणूनच गाभणपणात कॅल्शियमच्या गोळ्या चारू नका. बाहेरून मिळत राहिलं की शरीर हाडातून कॅल्शियम काढण्याची सवय मोडतं आणि नेमकं दूध पाजताना कोसळतं.

चौदा महिन्यांची मादी स्वतःच अजून वाढते आहे. तिच्या नितंबांचा अंतिम रिपोर्ट मिळायला वेळ आहे, स्वभाव अजून पक्का व्हायचाय. या वेळी नको. वीण घ्यायची नसेलच तर नसबंदीचं वय तुमच्या व्हेटशी बोलून ठरवा. जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातीत वर्षाच्या आत केलेल्या नसबंदीनंतर सांध्यांचे विकार जास्त आढळले आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या अभ्यासातही ते दिसलं.

वीण घ्यायची ठरलीच, तर नर आणि मादी दोघांची ब्रुसेला कॅनिस चाचणी जोडीआधी करा. त्याने गर्भपात होतात, आणि हा जंतू माणसालाही लागतो.

पाऊलखूण

मी बॉर्डर कोली कामालाही वापरतो आणि घरीही ठेवतो. कळपवाट, 'शांत होता येणं' हा निकष मला पटतो, पण तो मोजायचा कसा? सातव्या आठवड्यात पिल्लांच्या चाचण्या घेणारे पुष्कळ आहेत.

कळपवाट

सातव्या आठवड्याच्या चाचणीवर माझा फार भरवसा नाही. त्या दिवशी पिल्लू झोपेत आहे की पोट भरलेलं आहे यावर निकाल फिरतो, आणि मोठेपणीच्या वागण्याचा अंदाज त्यातून कच्चाच निघतो. मी आईबाप बघते, आणि तेही मोठे झालेले.

मादीला अनोळखी घरात घेऊन जाते. माणसं बसलेली, गप्पा चाललेल्या. आधी ती खोली हुंगून फिरणार, ते ठीक. किती वेळात ती स्वतःहून आडवी होते ते बघते. मी 'बस' म्हणायचं नाही. मग कोणीतरी मूल खोलीतून पळत जातं. मान वर होणार, कान टवकारणार, कदाचित ती उठेलही. तिथे हाक मारल्यावर नजर सुटते का? नजर सुटली आणि ती परत टेकली, तर मला हवं ते मिळालं. जी मादी पाच-पाच मिनिटं दाराकडे ताठ उभी राहते, ती कामाला भारी असेल, घरगुती विणीसाठी मी घेत नाही. आवाजाची भीतीही तिथेच बघायची. या जातींत ती बरीच आढळते, काही अंशी वारशानेही येते. ढगांच्या गडगडाटाने पलंगाखाली थरथरत बसणारी मादी बाकी सगळ्यात पैकीच्या पैकी असली तरी मी तिची वीण घेत नाही. शिवाय गाभणपणात आणि पाजताना आई घाबरलेली असली की पिल्लंही तेच शिकतात.

पाऊलखूण

सहमत. एक भर घालतो. नर निवडताना म्हातारा निवडा. आठ-नऊ वर्षांचा, अजून धडधाकट असलेला. त्याचे भाऊबहीण, त्याची आधीची पिल्लं मोठी झालेली असतात, काय निघालं ते सगळ्यांना दिसलेलं असतं. दोन वर्षांच्या विजेत्या नराकडे सगळे धावतात. दहा वर्षांनी कळतं की त्याने एक दोष शेकडो पिल्लांत वाटला. तोवर त्याचं नाव प्रत्येक वंशावळीत आलेलं असतं.

कळपवाट

हे सोन्यासारखं बोललात. नातं किती जवळचं हेही बघायचं. एकाच पूर्वजाकडून जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्याच येण्याची शक्यता म्हणजे अंतःप्रजनन गुणांक. सख्ख्या भावंडांच्या जोडीतून होणाऱ्या पिल्लाचा तो २५ टक्के, सावत्र भावंडांचा १२.५, चुलत-मामे भावंडांचा ६.२५. हे फक्त त्या एका जोडीमुळे. मागच्या पिढ्यांतलं त्यात मिळवलं की आकडा वाढतो. तीन पिढ्यांची वंशावळ बघून 'नातं नाही' म्हणणं या जातींत पुरत नाही.

रातवा

इतका वेळ वाचत होतो. मला अपस्माराबद्दल लिहायचंय, कारण वर कुठेच आलं नाही.

आमच्या बॉर्डर कोलीला अडीच वर्षांचा असताना पहिला झटका आला. रात्री, झोपेत. पाय ताठ झाले, जबडा आपटायला लागला. मग सुरू झालं की एका दिवसात लागोपाठ. दोन औषधं चालू होती, तरी थांबले नाहीत. तो गेला. त्याच्या आईबापांचे सगळे रिपोर्ट स्वच्छ होते. ज्यांच्याकडून घेतला त्यांना कळवलं, त्यांनी फोन उचलणं बंद केलं. नंतर त्याच विणीतल्या दुसऱ्या एका पिल्लाच्या घरच्यांची गाठ पडली. त्यांच्याकडेही तेच. आणि त्यानंतर तीच जोड पुन्हा लावली गेली होती.

स्टेथोस्कोप

रातवा, वाईट वाटलं वाचून. बॉर्डर कोलीत हा आजार अनेकदा असाच तीव्र असतो, औषधांना दाद देत नाही. तुम्ही उपचारात काही कमी केलं नाहीत.

बाकीच्यांसाठी: कारण न सापडणारा अपस्मार साधारण सहा महिने ते सहा वर्षं या वयात सुरू होतो. बॉर्डर कोली आणि ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये त्याचा कल घराण्यात चालतो, पण जोडीआधी करता येईल अशी भरवशाची डीएनए चाचणी त्यासाठी नाही. त्यामुळे इथे एकच साधन उरतं, ते म्हणजे नातेवाइकांची खरी माहिती.

कळपवाट

रातवा, तुमच्याशी जे वागले त्याला माफी नाही.

ज्या विणीत अपस्मार निघाला ती जोड पुन्हा लावायची नसते, आणि आईबापांनाही मी तरी दुसऱ्या कोणाशी जोडणार नाही. पिल्लू दिल्यावर दरवर्षी घरच्यांना फोन करून विचारायचं, यासाठीच विचारायचं. झटके, पोटाचे त्रास, अॅलर्जी, चावण्याचे प्रसंग, सगळं लिहून ठेवायचं आणि पुढचा कोणी विचारायला आला की वही उघडून दाखवायची. पिल्लू घेणाऱ्यांनीही हे विचारावं: 'तुमच्या विणींत आजवर काय काय निघालं?' कित्येक वर्षं वीण घेणारा माणूस 'काहीच नाही' म्हणाला तर त्याने एकतर विचारलेलं नाही किंवा तो सांगत नाहीये.

निळाडोळा

पिल्लं झाल्यानंतरच्या आठ आठवड्यांबद्दलही लिहाल का? मी अजून ठरवलेलं नाही, पण कामाचा अंदाज हवाय.

कळपवाट

लिहिते, जरा सविस्तर.

बीज सुटल्यापासून ६३ दिवस धरायचे. म्हणून प्रोजेस्टेरॉनची रक्तचाचणी करून जोड लावलेली बरी, तारीख पक्की कळते. पंचावन्नाव्या दिवसानंतर एक्स-रे काढला की पिल्लांची संख्या कळते आणि शेवटचं पिल्लू आत राहिलंय का ही शंका उरत नाही. मादीचं तापमान ३७ अंशांच्या खाली उतरलं की साधारण दिवसभरात वेणा सुरू होतात. पहिलं पिल्लू येण्याआधी हिरवट काळा स्राव, किंवा अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिल्लू नाही, किंवा आत पिल्लं असताना दोन तासांवर खंड, यातलं काहीही झालं तर डॉक्टर. थांबून बघू नका.

पहिला आठवडा झोप विसरायची. पिल्लांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. त्यांच्या कोपऱ्यात २९ ते ३२ अंश हवं, आणि आईला सरकून बसायला थंड बाजूही हवी. प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची लोकर, आणि रोज ठरल्या वेळी काट्यावर वजन. आठ-दहा दिवसांत वजन दुप्पट व्हायला हवं. गरम, भरलेली पिल्लं गप्प असतात. एखादं सतत चिरकत असेल, किंवा उचलल्यावर हाताला गार आणि ढिलं लागलं, तर काट्याची वाट न बघता हलायचं. आणि गार पिल्लाला आधी हळूहळू ऊब द्यायची, दूध नंतर. थंड पोटात दूध पचत नाही.

दहा ते चौदा दिवसांत डोळे उघडतात, मग कान. जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्यापर्यंत जगाची ओळख होण्याचा काळ असतो. स्कॉट आणि फुलर यांनी अमेरिकेत बार हार्बर इथे वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून हे दाखवलं, १९६५ साली ते प्रसिद्ध झालं. यातला निम्म्याहून जास्त काळ पिल्लू पहिल्या घरात असतं. म्हणजे भांड्यांचा आवाज, निसरडी फरशी, गवत, छत्री, दाढीवाला माणूस, काठी टेकत चालणारी आजी, हे सगळं दाखवणं वीण घेणाऱ्याचं काम आहे. पण दाखवायचं म्हणजे लोटायचं नाही. पिल्लू स्वतः पुढे येईल तेवढंच. या जातीची पिल्लं चटकन शिकतात, आणि भीतीही तितक्याच चटकन शिकतात. मी सहाव्या आठवड्यापासून रोज थोडा वेळ एकेकाला वेगळं मांडीवर घेते आणि काहीही करत नाही. नुसतं बसायचं. शांत पडून राहण्याची सवय तिथपासून लागते.

सीईएसाठी डोळे सहा ते आठ आठवड्यांत दाखवायचे. पुढे रंगद्रव्य वाढून सौम्य दोष झाकला जातो आणि पिल्लू निर्दोष दिसायला लागतं. मर्ल किंवा जास्त पांढऱ्या पिल्लांची ऐकण्याची बीएईआर चाचणीही याच सुमारास. आठ आठवड्यांआधी पिल्लू कोणालाही द्यायचं नाही. आणि एका घरात एकाच विणीची दोन कधीच नाहीत, कितीही गळ घातली तरी.

उंबरठा

घरी सगळ्यांना वाचून दाखवलं. या वेळी नाही, हे ठरलं. दोन वर्षांची झाली की आधी एक्स-रे आणि डोळे, मग बघू.

नवीपालवी

मी पिल्लू घेणाऱ्यांच्या बाजूची. घरात सहा आणि नऊ वर्षांची मुलं आहेत. एका शेल्टी ब्रीडरकडे रिपोर्ट मागितले, त्यांनी आईबाप दोघांचे सीईए, एमडीआर१ आणि नितंबांचे पाठवले. सगळे चांगले आहेत. आता त्यांनी घरी बोलावलंय. तिथे गेल्यावर काय बघू?

कळपवाट

मुलांना सोबत न्या. ब्रीडरने 'मुलांना आणा' असं स्वतःहून म्हटलं असेल तर चांगलं लक्षण. ते तुम्हाला उलटे प्रश्न किती विचारतात तेही बघा. दिवसभर घरी कोण असतं, कुत्रा मुलाच्या मागे लागून टाचेला दात लावेल तेव्हा काय कराल, हे विचारल्याशिवाय पिल्लू देणाऱ्याकडून घेऊ नका.

आई दिसलीच पाहिजे, पिल्लांसोबत. बाप बहुतेकदा दुसऱ्या गावी असतो, त्यात काही वावगं नाही. आई पाहुण्यांना बघून भुंकेल, शेल्टी भुंकतेच. पण मालकीण शांत बसली की तीही शांत होते का, की पंधरा मिनिटांनीही सोफ्यामागूनच गुरगुरते? मुलांना खोलीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालायला सांगा, मग जरा पळायला. तिच्याकडे बघा, पिल्लांकडे नंतर.

आणि निघण्याआधी एक गोष्ट न लाजता करा. पाठवलेल्या रिपोर्टांवर मायक्रोचिपचा नंबर असतो. स्कॅनर मागा आणि समोर उभ्या असलेल्या मादीची चिप तोच नंबर दाखवते का ते वाचून घ्या. रिपोर्टावर नंबरच नसेल, तर तो रिपोर्ट कोणत्या कुत्रीचा आहे हे तुम्हाला माहीत नाही. मग पिल्लू कितीही आवडलं तरी त्या दिवशी हो म्हणू नका.